पेन्सिल खाणारी बाई

"तुम्ही माती खाता का?"

शहाद्याच्या डॉक्टर मॅडमनी हे अगदी सहज विचारलं. त्याआधी त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली होती, जीभ बाहेर काढायला लावली होती आणि माझी बोटं उजेडात धरून नखं न्याहाळली होती. नखं मधून खोलगट झाली होती, चमच्यासारखी. टेबलावर रक्ताचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल भाग. बाईमाणसाचा तो बाराच्या आसपास लागतो.

माझ्याआधी प्रमोदच हसले. प्रमोद म्हणजे माझे यजमान. "माती कसली मॅडम? शिक्षिका आहे ती. प्रकाशा गावात आमची पपईची बाग आहे, केळी आहे, घरात कशाची कमी नाही."

"मी त्यांना विचारलं," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "माती नाही. पेन्सिल."

"कुठली पेन्सिल?"

"पाटीवरची."

"रोज?"

मी मान हलवली. "किती?" असं विचारलं तेव्हा मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत "पुडा" म्हणाले. प्रमोदांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांचा राग मी लग्नापासून ओळखते, तो येतो आणि जातो. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस होती. ती मी पहिल्यांदा बघितली आणि मला खुर्चीत बसवेना.

मॅडमनी समजावलं. याला पायका म्हणतात. जे खाण्याचं नाही ते खाण्याची अनावर इच्छा. अंगातलं लोह संपलं की काही जणांना माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटतं. "पेन्सिल हे कारण नाही, लक्षण आहे," त्या म्हणाल्या. "लोह कुठे जातंय ते शोधावं लागेल. हे असंच राहिलं तर हृदयावर ताण येईल. आत्ताच धडधड वाढलेली आहे."

पेन्सिल हे लक्षण आहे, हे वाक्य मी नीट ऐकलं. प्रमोदांनीही ऐकलं, पण उलटं ऐकलं. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "आजपासून पेन्सिल बंद."

हे सगळं मी का लिहितेय, तेही सांगते. तुमच्यातल्या एखादीच्या पर्समध्ये, पिठाच्या डब्यामागे, उशीखाली असलं काहीतरी असेल, आणि ती ते जगापासून लपवत असेल. तिने हे वाचावं. तिच्या नवऱ्यानेही वाचावं.

मी डोंगरातल्या मोलगी गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. सोमवार ते शनिवार तिथेच खोली घेऊन राहायचे. शनिवारी शाळा सुटली की जीपने अक्कलकुवा, तिथून बसने घर. पहिलीच्या वर्गात पाट्या असतात आणि पाट्या असल्या की पेन्सिली असतात. एका दुपारी मुलांनी ओल्या फडक्याने पाट्या पुसल्या, त्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चिंच बघितल्यावर सुटतं ना, तसंच. हातातल्या पेन्सिलीचं टोक मी दाताखाली धरलं. करकर वाजलं. मला इतकं बरं वाटलं की मी घाबरले.

मग ते वाढत गेलं. साडी नेसता नेसता एक, चहाआधी एक, वर्गाबाहेर जाऊन एक. आठवडे बाजारात लोक आमचूर घ्यायला येतात, मी पेन्सिलीचा पुडा घ्यायला जायचे. दुकानदाराला वाटायचं, काय बाई आहेत, पोरांसाठी स्वतःच्या खिशातून आणतात! मी त्याचा गैरसमज कशाला दूर करू?

त्याच सुमारास शाळेचा चढ चढताना दम लागायला लागला. तोंडाचे कोपरे चिरले. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की छातीत धडधड. केस तर झाडूने गोळा करावेत इतके. पण बाईमाणूस दमलं यात बातमी काय असते? मी स्वतःलाच म्हणायचे, डोंगरातली नोकरी आहे, चालायचंच. शेवटी वर्गातच चक्कर आली, तेव्हा प्रमोद गाडी घेऊन आले आणि शहाद्याला घेऊन गेले.

दवाखान्यातून घरी आलो. प्रमोदांनी आईला सगळं सांगितलं, आणि सासूबाईंचा चेहरा फुललाच.

"माय व! दिवस गयात का व तुले? डोहाळा शेत, दुसरं काय!"

लेक सातवीत गेलेली, मी चाळिशीला टेकलेली, आणि सासूबाई ओटीच्या तयारीला लागलेल्या. आमच्याकडे बाई माती खाते ती फक्त एकाच कारणाने, हे त्यांनी आजवर बघितलेलं. चुलीची माती खाल्ली तर मुलगा की मुलगी, यावरही त्यांचं मत होतं. लघवीची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. मग त्यांची माझ्यावरची माया एकदम ओसरली. डोहाळ्यांनी खाल्ली तर कौतुक, आणि नुसती खाल्ली तर वेड. पेन्सिल तीच.

प्रमोदांनी पहारा सुरू केला. बायकोला दारूसारखं व्यसन लागलंय आणि ते सोडवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. माझी पर्स झटकली, कपाट पालथं घातलं, शिवणाच्या डब्यातला पुडा उकिरड्यावर गेला. मोलगीच्या हेडमास्तरांना फोन गेला. गावातल्या किराणा दुकानात मी साबण आणायला गेले तर दुकानदार मान खाली घालून म्हणाला, "मास्तरीणबाई, भाऊ सांगी गयात, तुमले पेन्सिल देवानी नही."

मी पेन्सिल मागितलीही नव्हती. मागे दोन बायका उभ्या होत्या. साबण न घेता मी घरी आले. गावाला बोलायला विषय पाहिजेच असतो, तो मिळाला. पेन्सिल खाणारी बाई.

मॅडमनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. चक्कर आल्यापासून मी आजारी रजेवर घरीच होते, त्यामुळे दोन्ही वेळा प्रमोद समोर उभे राहत. मी गोळी गिळायची, मग ते म्हणत, "तोंड उघाड. जीभ वर कर." मी दुसरीच्या पोरांना शिस्त लावणारी बाई, आणि नवऱ्यासमोर जीभ वर करून उभी. पहिल्या दिवशी मी हसण्यावारी नेलं. नंतर हसू येईना. ते माझ्या तोंडात बघायचे, माझ्याकडे बघत नव्हते.

रक्त पुन्हा तपासलं. जैसे थे. आमच्या जिल्ह्यात रक्त कमी म्हटलं की सिकलसेलची तपासणी आधी होते. सिकलसेल म्हणजे रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, तो आजार. तो नव्हता. पोटात जंत नव्हते. पाळीचा त्रास नव्हता. सोनोग्राफी स्वच्छ. फेरिटिन म्हणून एक तपासणी असते, अंगातला लोहाचा साठा दाखवणारी. तो साठा जवळजवळ रिकामा होता. मॅडम कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "गोळ्या नियमित घेता ना?"

"घेते," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर प्रमोद म्हणाले, "कोठे फेकस तू गोळ्या?"

"मी खोटं नही बोलस," मी म्हटलं. पण एकदा चोर ठरलेल्याच्या शब्दाला किंमत ती किती? माझा जीव चालला होता आणि घरातल्या माणसाला वाटत होतं की मी स्वतःच तो घालवतेय. आजारापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायची. मी मेले तरी हे लोक म्हणतील, पेन्सिली खाऊन मेली.

मग त्यांनी मला रजा आणखी वाढवायला लावली. मोलगीची दगदग बंद, घरी आराम, घरचं सकस जेवण. ऐकायला किती चांगलं! सासूबाईंनीही पुन्हा कंबर कसली. खानदेशात कोणाला ताकद द्यायची म्हणजे गहू आणि तूप. भाकरी रोजची, गहू लाडाचा. सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, दुपारी डाळ-बट्टी, बट्टीवर तुपाची धार, संध्याकाळी रव्याचा शिरा. बट्टी म्हणजे आधी उकडून मग तुपात तळलेला कणकेचा गोळा, एक खाल्ली तरी पोट भरतं.

"अंगमा रगत नही, अन् मास्तरकी करस! खाय, अजून एक बट्टी खाय," सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या हाताला चव आहे आणि जीवही आहे, ते मी नाकारणार नाही. प्रमोद समोर बसायचे. ताट संपलं की त्यांना वाटायचं, चला, आज ऐकलं हिने.

आणि माझं पोट फुगायचं, नगाऱ्यासारखं. संडासाच्या फेऱ्या. मांड्यांचं मांस उतरलं, पोट मात्र पुढे. शेजारणी पुन्हा डोहाळ्यांवर आल्या.

एक गोष्ट मला केव्हाची खटकत होती. मोलगीत माझं पोट बरं असायचं. तिथे घरमालकीण मला भाकरी करून द्यायची, ज्वारीची किंवा नागलीची म्हणजे नाचणीची, सोबत उडदाची डाळ. चहाबरोबर दोन बिस्किटं खायचे तेवढीच. शनिवारी घरी यायचे आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पोट बिघडलेलं असायचं. आता तर मी रोजच घरी होते आणि रोजच बिघडत होतं. एका दुपारी मी धीर करून बोलले. म्हटलं, मला वाटतं मला घरचं जेवण सोसत नाही.

असं वाक्य सुनेने सासरी उच्चारू नये. सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"डोंगरमानं पचस अन् मन्हा हातनं बाधस?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी पदार्थाबद्दल बोलत होते, त्यांना ते हाताबद्दल वाटलं. आमच्याकडे अन्न बाधलं असं म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याच्या मनात खोट आहे असं म्हणणं. प्रमोदांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. त्या दिवशी मी मुकाट्याने दोन बट्ट्या खाल्ल्या. वाईट याचं वाटतं की उत्तर तोंडात आलं होतं आणि ते मला बट्टीबरोबर गिळावं लागलं.

त्यानंतर मी झपाट्याने खालावले. पायांवर सूज आली. अंघोळीचं पाणी अंगावर घेताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागायचा. प्रमोदांनी गाडी काढून मला नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. एक्स-रे काढला तर त्यांनी टेक्निशियनलाच विचारलं, "पोटात पेन्सिलींचा गोळा दिसतोय का?" दिसत नव्हता. पण हृदय थोडं मोठं झालेलं दिसत होतं. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "रक्त चढवतो, पण ही मलमपट्टी आहे. गळती सापडली नाही तर पुन्हा इथेच याल. आणि हृदय दर वेळी साथ देईलच असं नाही."

रक्ताची पिशवी थेंब थेंब उतरत होती. कोणाचं रक्त होतं कोण जाणे. मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. पिशवी संपता संपता माझी पेन्सिलीची भूक मंदावली. मी प्रमोदांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "म्हणजे ठरवलं तर सोडता येतं." मी भिंतीकडे तोंड केलं.

नंदुरबारहून सुरतला आमची माणसं दवाखान्यासाठी जातातच, रेल्वे सरळ आहे. डॉक्टरांनी तिथल्या एका पोटविकारतज्ज्ञांचं नाव दिलं. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि नवापूर मागे पडलं तरी एकमेकांशी बोललो नव्हतो. शेजारच्या बाईने ठेपल्याचा डबा उघडला आणि मलाही एक दिला. मी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. प्रमोदांनी ते बघितलं.

सुरतचे डॉक्टर वयस्क होते, निम्मं गुजराती, निम्मं मराठी बोलायचे. त्यांनी सगळे रिपोर्ट मांडीवर पसरले आणि एकेक वाचून काढला. मग त्यांनी मला न विचारता प्रमोदांना विचारलं.

"गोळ्या चालू होत्या का? खरं सांगा. नव्वद टक्के पेशंट गोळ्या घेत नाहीत आणि घेतो म्हणतात. बेनने घेतल्या असतील तर माझा विचार वेगळा. नसतील तर वेगळा."

आता हे काय सांगणार? घरभर जे म्हणत आले तेच इथे म्हणतील. आणि डॉक्टर आणखी गोळ्या लिहून मला परत पाठवतील, आणि मी त्याच बट्ट्यांवर परत जाईन.

प्रमोद म्हणाले, "घेतल्या."

"नक्की?"

"माझ्यासमोर. एकही चुकली नाही. जीभ वर करायला लावून बघितलं, साहेब."

ते बोलले आणि थांबले. त्या वाक्याचा अर्थ बाकी कोणाच्या आधी त्यांच्याच ध्यानात आला असावा. ज्या माणसाने प्रत्येक गोळी घशाखाली उतरताना बघितली, तोच माणूस मला विचारत होता, कोठे फेकस तू गोळ्या. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात इतके दिवस शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

डॉक्टर मात्र सरळ होऊन बसले. "मग लोह पोटात जातंय, पण आतडं ते घेत नाही." आणि मग ते माझ्याकडे वळले. "बेन, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? काय खाल्लं की त्रास होतो?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी मोलगीचं सांगितलं, भाकरीचं, बिस्किटांचं, शनिवार-रविवारचं, बट्टीचं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

त्यांना सिलिअ‍ॅक डिसीजचा संशय होता. गहू, जव यांच्यात ग्लुटेन नावाचं एक प्रथिन असतं, कणीक चिवट होते ती त्याच्यामुळे. काही जणांचं शरीर त्यालाच शत्रू समजतं आणि त्या भांडणात स्वतःचंच आतडं झिजवतं. "टॉवेलची लव गेली तर पाणी टिपेल का?" डॉक्टर म्हणाले. "आतड्याला पण तशी लव असते. ती गेली की लोह आलं तसं निघून जातं." टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली. तिचा आकडा खूपच वर आला. पण पक्कं करायला एन्डोस्कोपी आणि बायोप्सी हवी. म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून आत बघायचं आणि आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासायचा. त्याची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली.

आणि जाता जाता डॉक्टर म्हणाले, "तोपर्यंत घऊं बंध नथी करवाना. गहू बंद करायचा नाही. बंद केला तर तुकड्यात काही दिसणार नाही."

म्हणजे जे विष असावं असा संशय, तेच आठवडाभर रोज खायचं. घरी आलो. सासूबाईंना काही सांगितलं नाही, निदान होईपर्यंत नको असं ठरलं. दुपारी ताटं वाढली. नेहमीसारखे प्रमोद माझ्यासमोर बसले. मी पोळीचा घास तोडला आणि तोंडात घातला. त्यांच्या ताटातली पोळी तशीच होती. दुसरा घास घेतला. ते माझ्या हाताकडे बघत होते आणि त्यांचा स्वतःचा हात ताटातच राहिला होता. सासूबाईंनी आणखी एक पोळी माझ्या ताटात टाकली तेव्हा प्रमोद एकदम "बस व माय!" म्हणून ओरडले. सासूबाई दचकल्या. काल-परवापर्यंत हाच मुलगा आणखी वाढ म्हणत होता.

तो आठवडा आम्हा दोघांना जड गेला. मला पोटाने छळलं. ते रोज समोर बसून घास मोजल्यासारखे बघायचे आणि स्वतः अर्धवट जेवून उठायचे. एकदा मी संडासहून परत आले तर ते पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभे होते.

एन्डोस्कोपीला फार घाबरू नका. घशात औषध फवारतात, झोपेचं इंजेक्शन देतात, आणि जाग येते तेव्हा घसा थोडा खवखवतो, इतकंच. त्याहून कठीण असतं ते रिपोर्टची वाट बघणं. कॅन्सरची शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली नव्हती, पण तुकडा तपासायला पाठवला म्हटल्यावर मन कुठे कुठे जाऊन येतं, ते काय सांगू? ज्या सकाळी रिपोर्ट मिळणार होता, त्या सकाळी सुरतच्या त्या बाकावर प्रमोद माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला तरी हलायचा थांबला नाही.

डॉक्टरांनी कागद वाचला. आतड्याची लव जवळजवळ सपाट झाली होती. कॅन्सर नव्हता. सिलिअ‍ॅकच.

"बेन, आता घऊं बंध. कायमचा. चिमूटभर पण नाही. बाकी औषध फार नाही." लोह सलाइनमधून देऊ, आतडं हळूहळू भरून येईल, मग गोळ्याही लागू पडतील, असं त्यांनी सांगितलं.

मी रडले. आजार कायमचा आहे हे ऐकून कोणी आनंदाने रडतं का? मी रडले. माझं शरीर खरं बोलत होतं, हे आता कागदावर होतं.

सासूबाईंना सांगणं हा वेगळाच पेपर होता. प्रमोदांनीच सांगितलं. बाधतो तो गहू, तुझा हात नाही. गव्हाला दोष द्यायला सासूबाईंची जीभ रेटत नव्हती, लक्ष्मी ती. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटात दादरची भाकरी वाढली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, तिच्या भाकरीला मुळातच गोडवा असतो. वर लोण्याचा गोळा. "हाई तं बाधत नही ना?" त्यांनी विचारलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पोट शांत राहिलं. त्या ते बघून उठून आत गेल्या.

ज्यांना हा आजार निघेल त्यांच्यासाठी थोडं लिहिते. गहू फक्त पोळीत नसतो. रव्यात, मैद्यात, शेवयांत, बिस्किटांत, टोस्टमध्ये असतो. प्रसादाच्या शिऱ्यात असतो, आणि देवळाच्या दारात "नको" म्हणायला बळ लागतं. बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो, हे मला महिनाभराने कळलं. गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली तरी त्रास होतो. प्रमोद दळण घेऊन गेले की आता गिरणीवाल्याशी वाद घालतात, आणि शेवटी त्यांनी घरघंटीच आणली. पिठाचा डबा उघडून बघतात, पाकिटावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतात, लग्नात आचाऱ्याला जाऊन गाठतात. मी त्यांना म्हटलं, पोलीस तो पोलीसच, नुसती बदली झाली. त्यांना राग आला नाही.

पेन्सिल मी सोडली असं मी कधी म्हणत नाही. दोन-तीन सलाइननंतर शाळेत परत रुजू झाले. मुलांनी पाट्या पुसल्या, तोच वास आला आणि मला काहीच वाटलं नाही. नुसता ओल्या पाटीचा वास. तास संपल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटलं नाही. हिमोग्लोबिन हळूहळू अकरापर्यंत आलं. शाळेचा चढ आता मी बोलत बोलत चढते.

यंदा आखाजीला घरात पाहुणे होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे तो दिवाळीहून मोठा सण. खापरावरच्या पुरणपोळ्यांची पंगत बसली होती आणि मी वाढत होते. प्रमोदांच्या लांबच्या एका मावशीने सगळ्यांच्या देखत सासूबाईंना विचारलं, "तुन्ही सून आते बी पेन्सिल खास का व?"

पंगत हसली. माझ्या हातातलं आमटीचं भांडं जड झालं. सासूबाई काही बोलणार, तेवढ्यात प्रमोद बोलले. मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"तिनी पेन्सिल खादी म्हनीसन तं आजार सापडी गया. आम्ही तं तिले बट्ट्या खावाडी खावाडीसन मारीच टाकतूत."

हसू थांबलं. मावशींनी पुरणपोळीवर तूप मागितलं. मी वाढलं.

पाहुणे गेल्यावर मी ओसरीत भाकरी घेऊन बसले. प्रमोद येऊन शेजारी टेकले. माफी वगैरे शब्द आमच्याकडच्या पुरुषांना जमत नाहीत आणि मी त्याची वाटही बघत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "कशी लागे व ती पेन्सिल?"

का खातेस, किती खातेस, कुठे लपवतेस, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुमच्या घरात कोणी असलं काही खाताना सापडलं, तर तिला दवाखान्यात न्या, रक्त तपासा, आणि शोध अर्धवट सोडू नका. पण त्याआधी तिच्याजवळ बसा आणि हे विचारा.

मी सांगितलं. आधी काहीच चव लागत नाही, नुसती करकर. मग ती जिभेवर विरघळते आणि थंड लागते, नुकत्याच सारवलेल्या भुईवर गाल टेकवावा तशी. आणि गिळली की क्षणभर असं वाटतं की आता आपल्याला सगळं मिळालं, आता काही नको. आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा हवी वाटते. मी बोलत राहिले, हातातली भाकरी गार झाली, आणि प्रमोद माझ्याकडे बघत ऐकत बसले होते.